कोण बघतंय?

मी कागदाची जहाजं करतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी गालातल्या गालात हसतो. पावसाच्या पाण्यात सोडायच्या होड्या त्याच्या डोळ्यांसमोर येतात. मग कधीतरी तो घरी येतो, कपाटावरचं जहाज पाहतो आणि विचारतो, "हे लाकडाचं आहे ना?" नाही म्हटलं, की हात लावून बघतो. (हात लावायचा नसतो, पण पाहुण्याला सांगणार कोण!) तिसरा प्रश्न ठरलेला: "किती वेळ लागला?" त्याचं उत्तर मी शक्यतो टाळतो. खरा आकडा ऐकला की लोकांना माझं कौतुक वाटण्याऐवजी माझ्या बायकोची कीव येते.

स्मरणिकेसाठी छंदावर काहीतरी लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. लिहायला बसलो आणि छंद राहिला बाजूला. गेली दोन वर्षं टेबलाशी बसून मनात घोळणारा एक प्रश्नच पुढे आला. जे कोणालाही, कधीही दिसणार नाही, ते नीट करायचं कशासाठी?

प्रश्न कुठून आला ते कळायला टेबलावरच्या जहाजाची ओळख करून द्यायला हवी. त्याचं नाव 'ट्रिंकोमाली'. इथे ईशान्य इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते अजून पाण्यावर उभं आहे. ब्रिटनमधली तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका ती हीच. आणि तिचा जन्म आपल्या मुंबईचा! १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ती पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ साली काही सुतारांना घेऊन सुरतेहून मुंबईत आले, आणि त्यांच्या घराण्यानं दीड शतक त्या गोदीत जहाजं बांधली. इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई होती. मलबारचा साग मुंबईला मिळत होता, आणि तो ओकपेक्षा टिकाऊ निघाला. मी नोकरीच्या दिवसांत फोर्टमध्ये लायन गेटवरून, त्या गोदीच्या भिंतीला लागून, कित्येक वर्षं गेलो आहे. भिंतीपलीकडे काय घडलं होतं ते मला इथे, पाच हजार मैलांवर येऊन, तिकीट काढून कळलं.

या जहाजाचे पहिले नकाशे बुडाले, ही त्याची आणखी एक गंमत. लंडनहून मुंबईला निघालेले नकाशे 'जावा' नावाच्या युद्धनौकेवर होते. १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी तिला हरवून नष्ट केलं. मग नवे नकाशे पाठवावे लागले. म्हणजे हे जहाज साग होण्याआधी दोनदा कागद झालेलं होतं. त्याला तिसऱ्यांदा कागद करायला माझी काहीच हरकत नव्हती!

ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयातून या जातीच्या जहाजांच्या आराखड्यांच्या प्रती मिळतात. त्यावरून एक इंच म्हणजे आठ फूट या प्रमाणात मी भाग काढले. तोफांचा डेक मुळात दीडशे फूट लांब, माझ्याकडे तो एकोणीस इंचांच्या आसपास भरतो. सामान अगदी साधं. कागद, एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, धारदार सुरी, पोलादी पट्टी, चिमटा, गोंद, आणि कापलेल्या कडांना रंग द्यायला जलरंग, कारण कागद कापला की पांढरी कड दिसते आणि ती एकच रेघ साऱ्या सोंगाचा भंडाफोड करते. पाण्याचा गोंद जास्त झाला की कागद फुगतो. घडी घालायची तर आधी बोथट पातं ओढून तिथे खाच करावी लागते. डोलकाठ्या म्हणजे तारेभोवती गुंडाळलेला कागद, आणि तोफाही तशाच. यात अवघड काहीच नाही. वेळ मात्र भयंकर जातो.

सगळ्यांत आधी करायचा तो सांगाडा. मधोमध कणा, त्याला आडवे छेद देणारे पुठ्ठ्याचे पडदे, एकमेकांत खाचांनी अडकवलेले. अंड्यांच्या खोक्यात असतात ना, तशी जाळी. तिच्यावर कागदाची कातडी चढते आणि सांगाडा कायमचा झाकला जातो. पण झाकला गेला म्हणून लपत नाही. एखादा पडदा अर्धा मिलिमीटर उंच राहिला, तर उपाशी बैलाच्या बरगड्यांसारखा तो बाहेरून दिसतो. कागद एकाच दिशेला वळतो, दोन दिशांना एकदम वळत नाही. त्यामुळे पुढच्या निमुळत्या टोकाशी तो आतल्या प्रत्येक चुकीचा पाढा वाचतो. तेव्हा सांगाडा नीट करण्यात नीतीचा प्रश्न नाही, शहाणपणाचा आहे. आपल्याकडे 'आतून चांगलं तर बाहेरून चांगलं' असं म्हणतात ते बहुतेक याच जातीचं. ते हिशेबाचं बोलणं आहे.

माझी अडचण सुरू झाली ती खालच्या डेकपाशी.

या जातीच्या जहाजात तोफा असायच्या वरच्या डेकवर. त्या डेकच्या बाजूंना झरोके असतात, त्यातून डोकावलं तर आतल्या तोफा थोड्या दिसतात, म्हणून त्या कराव्याच लागतात. कप्तानाची केबिन मागच्या बाजूला, तिला ओळीनं खिडक्या. तिथे टेबल, खुर्च्या, जमिनीवर चौकटी रंगवलेलं कापड, सगळं लोक हौसेनं करतात, कारण खिडकीतून दिसतं. त्याखालच्या डेकवर खलाशी राहायचे. तिथे तोफा नाहीत, तोफांचे झरोकेही नाहीत. दोनशेहून अधिक माणसं तिथे जेवायची आणि तुळयांना कापडी झोळ्या टांगून झोपायची. ब्रिटिश आरमारात एका झोळीला मिळणारी जागा होती चौदा इंच रुंद. माझ्या प्रमाणात पावणेचार मिलिमीटर होतात. निम्मी माणसं पहाऱ्यावर असत म्हणून प्रत्यक्षात थोडं ऐसपैस व्हायचं, एवढंच.

वरचा डेक चिकटवला की हा खालचा डेक बंद. त्याला खिडकी नाही, झरोका नाही. जहाज फोडल्याशिवाय आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मग तिथे झोळ्या टांगायच्या की रिकामा पुठ्ठा ठेवून पुढे जायचं?

लहानपणी ऐकलेली कनकदासांची गोष्ट आठवली. गुरूंनी शिष्यांना एकेक केळं दिलं आणि कोणी बघत नसेल अशा जागी खाऊन या म्हणून सांगितलं. कोणी दारामागे खाल्लं, कोणी झाडावर चढून. कनकदास केळं तसंच घेऊन परत आले, कारण देव बघत नाही अशी जागाच त्यांना सापडली नाही. गोष्ट सुंदर आहे, पण माझ्या प्रश्नाला ती बगल देते. तिच्यात बघणारा आहेच, फक्त तो वर बसला आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये हाच प्रश्न जास्त खाष्टपणे विचारला आहे. गायजिस नावाच्या मेंढपाळाला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो अदृश्य होतो. मग तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि स्वतः राजा होतो. अशी अंगठी सज्जनाला मिळाली तर तो सज्जन राहील का, असा तिथला सवाल. प्लेटोचं उत्तर थोडक्यात असं, की अन्याय करणाऱ्याचं स्वतःचंच मन आतून विस्कटतं, म्हणून न बघताही न्यायानं वागणं फायद्याचं. मला हे उत्तर नेहमी थोडं अपुरं वाटत आलं आहे. सगळा हिशेब पुन्हा माझ्याच मनाचा. ज्या राजाचा जीव गेला, त्याचं काय?

आणि दुसरी बाजू पाहा. न दिसणारं काम कसंतरी करणं हे दर वेळी पापच असतं का? आपल्या मंडळाच्या गणपतीचं मखर समोरून काय देखणं असतं! मागे जाऊन बघा. सेलोटेप, थर्माकोलचे तुकडे, कोणाच्या तरी नव्या टीव्हीचं खोकं, त्यावर उलटी अक्षरं. पाच दिवसांचं मखर, मागून कोणी फसत नाही, कोणाचं नुकसान नाही. जो माणूस मखराची मागची बाजूही रंगवत बसेल त्याला आपण थोर म्हणू की 'अहो, उद्या प्राणप्रतिष्ठा आहे, आटपा' म्हणू? मी तर दुसरं म्हणेन. आणि हॉल मिळतो संध्याकाळी सहाला, हेही विसरून चालत नाही.

म्हणजे न दिसणारं ते सगळं नीटच केलं पाहिजे, असा नियम होत नाही. मग माझ्या झोळ्यांचं काय? असा बरेच दिवस अडलो होतो. एका रविवारी चहाच्या वेळी हे सगळं पुराण मी बायकोला ऐकवलं. तिनं शांतपणे विचारलं, "अहो, त्या झोळ्या नाही केल्या तर कोणाला काही होणार आहे का?"

म्हटलं, "नाही."

"मग तो नीतीचा प्रश्न कसला? हौसेचा प्रश्न झाला."

मग तिनं जे सांगितलं ते एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिनं एकोणीस वर्षं इथल्या एका वृद्धांच्या केअर होममध्ये रात्रपाळी केली. मुलं लहान होती तेव्हा दिवसा मी कामावर, रात्री ती, असं आमचं चालायचं. ज्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यांना रात्रभर ठरावीक वेळानं, काहींना दर दोन तासांनी, या कुशीवरून त्या कुशीवर वळवावं लागतं. नाही वळवलं तर माकडहाडापाशी, टाचांना कातडी दबून राहते, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखमा होतात. त्या लवकर भरत नाहीत. पलंगापाशी एक कागद असतो. त्यावर वेळ, कूस आणि सही.

"रात्री तीनला कोण बघतंय?" ती म्हणाली. "सुपरवायझर खाली. पलंगावरच्या माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, तो काय तक्रार करणार? वळवलं तरी सही, न वळवता केली तरी सही. सकाळी कागद सारखाच दिसतो. करणाऱ्या होत्याच तशा, नव्हत्या असं नाही. जखम काही दिवसांनी दिसते, ती कोणाच्या पाळीतली हे कोणाला कळतं? आणि नाही झाली, तर काहीच दिसत नाही. चांगली कातडी दिसते. ती चांगली कातडी म्हणजे माझं काम. ते कौतुकानं बघायला कोण येणार?"

मी विचारलं, "मग तू का करायचीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "त्यांना दुखायचं ना!"

कनकदासांचा देव तिच्या उत्तरात नव्हता आणि प्लेटोचा आत्माही नव्हता. मला वाटतं या प्रश्नात आपण नजर भलतीकडे लावून बसतो. आपण दाराकडे बघतो, कोण बघतंय, कोण येतंय. ती पलंगाकडे बघत होती. तिथे कोणीतरी पडलेलं होतं. बघणारा असो वा नसो, पलंगावरच्या माणसाच्या टाचा त्याच होत्या. या उत्तरापुढे माझ्या झोळ्या फारच हलक्या झाल्या. माझ्या कागदी डेकवर कोणीही पडलेलं नव्हतं. मॉडेल करणारी आम्ही मंडळी एकमेकांत फार अभिमानानं म्हणतो, की आम्ही न दिसणारे भागही तितक्याच निष्ठेनं करतो. करावेत. पण त्याला निष्ठा वगैरे म्हणू नये. ज्या निष्ठेवाचून कोणाचं काही अडत नाही ती चैन असते. मला ती परवडते, कारण मला पेन्शन आहे आणि जेवण वेळेवर मिळतं.

तरीही झोळ्या मी केल्या. टिश्यू पेपरच्या, चाळीसेक. कारण शोधायला गेलो तर एवढंच सापडतं. मॉडेल हे एक विधान असतं. 'हे जहाज असं होतं' असं ते म्हणतं. कप्तानाला खिडकी आहे म्हणून त्याची खुर्चीसुद्धा करायची, आणि दोनशे माणसांना खिडकी नाही म्हणून तिथे रिकामा पुठ्ठा, हे विधान मला खोटं वाटलं. कोणाला कळणार नव्हतं हे खरं. पण मला माहीत होतं, आणि त्या पावणेचार मिलिमीटरमध्ये झोळी बसवताना चौदा इंच म्हणजे किती ते पहिल्यांदा नीट कळलं. याला कर्तव्य म्हणायला मी तयार नाही. आदर म्हणा फार तर. बायकोच्या मते तेही जरा जास्तच.

इथेच थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. न दिसणारं काम करणाऱ्यांना वंदन, वगैरे. पण वाडियांच्या घराण्यातली एक गोष्ट मला तसं करू देत नाही.

'ट्रिंकोमाली'च्या सतरा वर्षं आधी, १८०० साली, याच जमशेटजींनी 'कॉर्नवॉलिस' नावाचं जहाज बांधलं. त्याच्या तळाशी, कण्यावर बसणाऱ्या आतल्या तुळईवर त्यांनी एक ओळ कोरली होती, असं त्या घराण्याच्या इतिहासात सांगितलं आहे. हे जहाज एका काळ्या माणसानं बांधलं आहे, असा तिचा आशय. 'काळ्या'च्या आधी त्या काळचे साहेब लावायचे ती शिवीसुद्धा होती, आणि पुढे साल. कोरली आणि गप्प बसले. जहाज गेलं, वापरात आलं. काही वर्षांनी ते पुन्हा मुंबईच्या गोदीत आलं, तेव्हा त्यांनी ती ओळ दाखवली.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो होतो. सांगाडा जोडताना ती पुन्हा आठवली तेव्हा हसू आलं नाही. जगातल्या सगळ्यांत बलाढ्य आरमारासाठी जहाजं बांधणारा माणूस. त्याच्या कामावर विश्वास टाकून शेकडो माणसं समुद्रात जाणार. आणि त्याला स्वतःबद्दलचं खरं बोलायला जागा मिळाली ती तळाच्या अंधारात, जिथे कोणी बघत नाही तिथे! काम तर त्यानं चोखच केलं. जहाज गळकं नव्हतं. पण न दिसण्यात त्याला काही पुण्य वाटत नव्हतं. आपण दिसत नाही हे त्याला चांगलं कळत होतं, आणि ते सलत होतं. माझ्या बायकोला एकोणीस वर्षांत नाताळला चॉकलेटचे डबे मिळाले. निवृत्तीच्या दिवशी एक कार्ड मिळालं, त्यावर तिच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं.

निष्काम कर्माचं कौतुक आपण सभांमधून फार करतो. माझा अनुभव असा, की ते कौतुक करणाऱ्यांना बहुधा फळ आधीच मिळालेलं असतं. गणपतीच्या महाप्रसादानंतर हॉलच्या स्वयंपाकघरात मोठी पातेली घासणारी दोन-तीन माणसं दर वर्षी तीच असतात, हे आपल्याला माहीत आहे. व्यासपीठावरून 'पडद्यामागच्या कलाकारांचे आभार' मानले जातात तेव्हा ती पातेलीच घासत असतात, त्यामुळे त्यांना ते ऐकूही येत नाही. पडदा कोणी, कुठे लावला, हे विचारायला हवं. पलंगावरच्या माणसाकडे बघून काम करणं हा करणाऱ्याचा मोठेपणा. पण त्या मोठेपणावर विसंबून आपण त्या खोलीत कधी डोकावलोच नाही, तर तो हिशेब करणाऱ्याच्या नावावर मांडता येणार नाही. तो आपल्या नावावर आहे.

'ट्रिंकोमाली'ची दुरुस्ती १९९० साली सुरू झाली आणि २००१ साली संपली. मूळ सागाचा मोठा भाग अजून जागेवर आहे. मी जेव्हा जेव्हा हार्टलपूलला जातो, तेव्हा खालच्या डेकवर मान वाकवून उभा राहतो आणि तुळयांचे सांधे बघतो. ते ज्या सुतारांनी केले त्यांची नावं माझ्यासारख्या तिकीट काढून येणाऱ्याला माहीत नाहीत. बाजूनं शाळेची मुलं धावत असतात, त्यांना तोफा बघायच्या असतात. त्यांचंही बरोबरच आहे.

वरचा डेक चिकटवायच्या आदल्या दिवशी मी बायकोला बोलावून झोळ्या दाखवल्या. बघणारी ती पहिली आणि शेवटची. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "दाटीवाटी आहे हो फार." मग तिला जमशेटजींची गोष्ट सांगितली आणि पेन्सिल पुढे केली. म्हटलं, आपणही तळाशी काहीतरी लिहू, तू सांग काय लिहायचं.

तिला विचार करावा लागला नाही. "लिहा," ती म्हणाली, "हे जहाज बांधणाऱ्याला जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागतात."

तसंच्या तसं लिहिलं, खाली साल घातलं, आणि दुसऱ्या दिवशी डेक चिकटवला.